सूर्याकडे पाठ करून

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हानले येथे उत्तरेचे क्षितिज तांबूस झाले. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या तेथील वेधशाळेतील कॅमेऱ्यांनी तो प्रकाश टिपला आणि दुसऱ्या दिवशी ती छायाचित्रे देशभर पोचली. ध्रुवप्रदेशात दिसणारा प्रकाश भारताच्या सीमेत दिसावा ही दुर्मीळ घटना होती. तिचे कारण मात्र त्याआधी कितीतरी दिवस भर दुपारी सर्वांच्या डोक्यावर तळपत होते. सूर्यबिंबावर डागांचा एक अवाढव्य समूह आला होता. खगोलशास्त्रज्ञांच्या यादीत त्याचा क्रमांक ३६६४. हा समूह ग्रहणाच्या चष्म्यातून, दुर्बिणीशिवायही दिसत होता. साठ मिलीमीटर भिंगाच्या शाळकरी दुर्बिणीने कागदावर पाडलेल्या प्रतिमेत तर त्यातला एकेक डाग मोजता आला असता.

आपल्याकडे दुर्बीण ही रात्रीची वस्तू मानली जाते. चंद्र, शनीची कडी, गुरूचे उपग्रह पाहून झाले की ती पेटीत जाते. वास्तविक लहान दुर्बिणीला सर्वांत अधिक काम देणारा तारा दिवसा उगवतो. इतर ताऱ्यांसाठी प्रकाश गोळा करावा लागतो, म्हणून भिंग मोठे हवे. सूर्याचा प्रकाश एवढा आहे की तो बहुतांशी टाकून द्यावा लागतो. तो टाकायचा कसा, हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वी ज्यांच्यासमोर प्रथम उभा राहिला त्यांनी काढलेली युक्ती आजही तीच आहे.

१६११ मध्ये फ्रिसलँडमधील योहान फाब्रिशियस या तरुणाने आपल्या वडिलांसह उगवत्या सूर्याकडे सरळ दुर्बीण रोखली. आधी बिंबाची केवळ कड दृष्टीच्या टप्प्यात घ्यायची, डोळा थोडा सरावला की पुढे सरकायचे, अशी त्यांची रीत होती. डोळे दुखावू लागल्यावर पितापुत्रांनी ती सोडली आणि अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून सूर्याची प्रतिमा पाडून डाग पाहिले. त्याच सुमारास इंगोलश्टाट येथे क्रिस्टोफ शाइनर रंगीत काचांमधून सूर्य पाहत होता. पुढच्या वर्षी गॅलिलिओच्या बेनेदेत्तो कास्तेली या शिष्याने उपाय सुचवला. दुर्बिणीला डोळा लावायचाच नाही. नेत्रिकेच्या मागे काही अंतरावर पांढरा कागद धरायचा आणि त्यावर उमटणारे बिंब पाहायचे. कागदावर आधीच एक वर्तुळ काढून ठेवायचे, बिंब त्यात नेमके बसेपर्यंत कागद मागेपुढे करायचा आणि डाग जिथे दिसतील तिथेच लेखणी टेकवायची.

ही युक्ती डोळे वाचवण्यासाठी निघाली खरी, पण तिने त्याहून मोठे काम केले. डोळ्याने पाहिलेले आठवणीत राहते आणि आठवणीवर वाद घालता येतो. कागदावर पडलेल्या प्रतिमेवरून डाग गिरवला की त्याची जागा, आकार आणि दिवस ठरून जातात. १६१२ च्या उन्हाळ्यात गॅलिलिओने दिवसामागून दिवस अशी चित्रे काढली. बिंबाच्या कडेशी येताच डाग अरुंद होतात आणि त्यांची चाल मंदावल्यासारखी दिसते, हे त्या चित्रांवर मोजता आले. डाग म्हणजे सूर्याभोवती फिरणारे छोटे ग्रह होत, असे शाइनरचे म्हणणे होते. मोजमापांनी ते सूर्याच्या पृष्ठालगतच असल्याचे दाखवले. पुढे शाइनरही प्रतिमा पाडण्याच्या पद्धतीकडे वळला आणि तिच्यासाठी त्याने खास उपकरण बनवले.

गॅलिलिओ सूर्य पाहून आंधळा झाला, ही कथा शाळाशाळांतून सांगितली जाते. ती खरी नाही. ही चित्रे काढली तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. त्याची दृष्टी पूर्णपणे गेली ती पंचवीस वर्षांनी, त्र्याहत्तराव्या वर्षी. मुलांना सावध करण्यासाठी चुकीचा इतिहास सांगावा लागत नाही. खरे कारण पुरेसे भयंकर आहे. उन्हात डोळ्याची बाहुली आकसून सुमारे दोन मिलीमीटर होते. साठ मिलीमीटरचे भिंग तिच्या ९०० पट प्रकाश गोळा करते. उघड्या डोळ्याच्या दृष्टिपटलावर सूर्याचे चित्र मिलीमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढे उमटते. तीसपट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तेच चित्र चार-साडेचार मिलीमीटरचे होते आणि एवढ्या क्षेत्राची उष्णता आजूबाजूच्या पेशी वाहून नेऊ शकत नाहीत. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही. त्यामुळे भाजत असताना काहीच कळत नाही. दृष्टीच्या मध्यभागी काळा ठिपका राहिला आहे हे काही तासांनी ध्यानात येते.

दुर्बीण आणि सूर्य यांची भारतातील गाठही जुनीच आहे. इंग्लंडमधील जेरेमाया हॉरॉक्सने ४ डिसेंबर १६३९ रोजी सहा इंची वर्तुळावर सूर्याची प्रतिमा पाडून शुक्राचे अधिक्रमण पाहिले होते. त्याच्या कामाची थोरवी ज्यांनी लवकर ओळखली त्यांत जेरेमी शेकर्ली हा एक होता. हा शेकर्ली पुढे हिंदुस्थानात आला आणि ३ नोव्हेंबर १६५१ रोजी त्याने सुरतेहून बुधाचे अधिक्रमण पाहिले. भारतभूमीवरून दुर्बिणीने केलेले हे पहिले ज्ञात खगोलनिरीक्षण. बुध बिंबावर केव्हा आला आणि केव्हा बाहेर पडला, यांपैकी एकही वेळ त्याला मिळाली नाही, म्हणून शास्त्राच्या दृष्टीने त्या निरीक्षणाचे मोल थोडे. तरी या देशात दुर्बिणीच्या नोंदींचा आरंभ सूर्यबिंबापासून झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्यानंतर दोन शतकांनी लंडनच्या दक्षिणेस रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन आपल्या साडेचार इंची दुर्बिणीने रोज सूर्याचे डाग टिपत असे. त्याची पद्धत कास्तेलीचीच, फक्त साधने नेटकी. कागदाऐवजी फिकट पिवळसर रंगाचा थर दिलेली काच आणि तीवर अकरा इंच व्यासाचे बिंब. नळीच्या तोंडाशी एक आडोसा लावलेला होता, म्हणजे त्याच्या सावलीत प्रतिमा उठून दिसे. १ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी सव्वाअकराच्या सुमारास एका मोठ्या डागसमूहावर अचानक दोन ठिकाणी लखलखीत पांढरा प्रकाश उमटला. आडोशाला भोक पडून ऊन आत आले असावे, असे त्याला प्रथम वाटले. त्याने दुर्बीण किंचित हलवली. भोकातून आलेले ऊन जागच्या जागी राहिले असते. हा प्रकाश बिंबाबरोबर सरकला. साक्षीदार बोलवावा म्हणून तो धावत गेला आणि मिनिटभरात परतला, तोवर तेज बरेच ओसरले होते. पाच मिनिटांत सारे संपले. सौरज्वाला माणसाने प्रथम पाहिली ती अशी, सूर्याकडे पाठ करून.

दुसऱ्या दिवशी या घटनेचा दुसरा अर्धा भाग मुंबईत नोंदला गेला. कुलाब्याच्या वेधशाळेतील निरीक्षक चुंबकीय उपकरणांच्या पट्ट्या डोळ्यांनी वाचून आकडे वहीत उतरवत असत. २ सप्टेंबरला पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचे क्षैतिज बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आले. शेसव्वाशे नॅनोटेस्लांची घसरण झाली तरी आज तीव्र चुंबकीय वादळ आले असे म्हणतात. त्या वादळाची एवढी स्पष्ट नोंद इतक्या खालच्या अक्षांशावर दुसरीकडे मिळाली नाही. नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००३ मध्ये त्या जुन्या वह्यांतील आकडे प्रसिद्ध केले, तेव्हा जगभरच्या अभ्यासकांना त्या वादळाचे माप मिळाले. (मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही चुंबकीय उपकरणे १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली. तिथे ते काम आजही चालू आहे.) रेडहिलच्या काचेवरचा ठिपका आणि कुलाब्याच्या वहीतला आकडा एकाच घटनेचे होते हे त्या दोन्ही ठिकाणी काम करणाऱ्यांना त्या दिवशी ठाऊक नव्हते. दोघेही नेमून घेतलेले रोजचे काम करत होते.

सूर्याच्या डागांना भारतात अकस्मात महत्त्व आले ते मात्र दुष्काळामुळे. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खन, म्हैसूर आणि मद्रास इलाख्यात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली असा अंदाज आहे. १८७७ मध्ये नॉर्मन लॉकियर आणि विल्यम हंटर यांनी लेख लिहून मांडले, की डागांची संख्या सुमारे अकरा वर्षांच्या फेऱ्याने वाढते-घटते आणि ती घटलेल्या काळात दक्षिण भारतातील पाऊस हुकतो. हे खरे ठरते तर दुष्काळाचे भाकीत आधी करता आले असते. भुकेच्या प्रश्नाचे उत्तर सूर्यबिंबावर वाचता येईल, या आशेने सरकारने पैसा सोडला. १८७८ पासून डेहराडून येथे सर्वेक्षण खात्याने सूर्याची रोज छायाचित्रे घेण्यास सुरुवात केली. ग्रीनिचचे आकाश ढगाळ असे त्या दिवसांची उणीव ही छायाचित्रे भरून काढत.

(याच लॉकियरचे नाव महाराष्ट्रात विजयदुर्गाशी जोडले जाते. किल्ल्यावरील ‘साहेबाच्या कट्ट्यां’वरून त्याने १८६८ मध्ये हेलियम शोधला, असे सांगितले जाते. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी तो इंग्लंडमध्ये होता. विजयदुर्गास तो आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. हा सन्मान कमी लेखण्याचे काही कारण नाही. फक्त तो योग्य वर्षाला द्यावा.)

दुष्काळानंतरच्या या खटपटीतूनच पळणीच्या डोंगरावर, सुमारे २,३४० मीटर उंचीवर, १८९९ मध्ये कोडाईकनालची सौर वेधशाळा उभी राहिली. तिथल्या मोठ्या वर्णपट-उपकरणांनी जॉन एव्हरशेडने १९०९ मध्ये डागांतून बाहेर वाहणाऱ्या वायूंचा शोध लावला, त्याची कीर्ती झाली. रोजचे काम करणारी दुर्बीण मात्र अवघ्या सहा इंचांची होती. पॅरिसच्या लरबूर आणि सेक्रेतां यांनी बनवलेली ही दुर्बीण १८५० मध्ये मद्रासच्या वेधशाळेसाठी घेतलेली. डब्लिनच्या ग्रब यांनी १८९८ मध्ये ती नव्याने जुळवून दिली. कोडाईकनालला पांढऱ्या प्रकाशातली रोजची छायाचित्रे १९०४ पासून सुरू झाली आणि काही वर्षांतच ते काम या दुर्बिणीकडे आले. वीस सेंटिमीटर व्यासाचे बिंब, काचेची तबकडी, शेजारी तारीख आणि वेळ. डोंगरावर सकाळी हवा स्थिर असते म्हणून काम सकाळीच उरकायचे. महायुद्धे झाली, राज्य बदलले, तबकड्या जमत राहिल्या. शतकाहून अधिक काळाचा तो संग्रह आता अंकीय रूपात आला असून सूर्याच्या दीर्घकालीन वर्तनाचा अभ्यास करणारे जगभरचे शास्त्रज्ञ तो वापरतात.

पावसाचे काय झाले? वेधशाळा ज्यांच्या अखत्यारीत होती त्या हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी पडताळून पाहिल्या. डाग आणि पाऊस यांचा संबंध भाकितासाठी उपयोगी पडेल एवढा बळकट निघाला नाही. पावसाची किल्ली प्रशांत महासागरावरील हवेच्या दाबात आहे, हे त्यांच्याच कामातून पुढे आले. ज्या आशेवर वेधशाळा उभी राहिली ती आशा फोल ठरली आणि तरी तबकड्या अमोल ठरल्या. विज्ञानाच्या इतिहासात असे पुष्कळदा होते आणि अर्थखात्याला ते समजावणे प्रत्येक वेळी तितकेच अवघड असते.

सहा इंचांच्या दुर्बिणीने जे साधले त्याचा बराच अंश अडीच इंचांच्या दुर्बिणीने कोणत्याही शाळेच्या अंगणात साधतो. त्यासाठी भिंगाची दुर्बीण घ्यावी, आरशाची नव्हे. प्रतिमा पाडण्याच्या कामात आरशाच्या दुर्बिणीतील दुय्यम आरशावर उष्णता साचून तो बिघडू शकतो. पहिले काम म्हणजे शोधक दुर्बिणीला घट्ट टोपण घालणे किंवा ती काढून ठेवणे. मुख्य नळीवर सर्वांचे लक्ष असते आणि अपघात होतो तो या बोटभर नळीतून. नेत्रिका कमी वर्धनाची, काचेची आणि शक्यतो जुनी, साधी असावी. प्लॅस्टिकची नेत्रिका मिनिटभरात वितळते आणि महागडीतील भिंगे जोडणारा डिंक तापून खराब होतो. भिंग ऐंशी मिलीमीटरांहून मोठे असेल तर टोपणाला पाच सेंटिमीटरांचे छिद्र पाडून तेच तोंडावर बसवावे.

सूर्य शोधण्यासाठी नळीतून किंवा नळीच्या कडेने पाहू नये. जमिनीवर पडलेली नळीची सावली पाहावी. नळी हलवताना ती सावली आखूड होत जाते आणि ज्या क्षणी ती सर्वांत लहान, अगदी गोल होते त्या क्षणी नेत्रिकेतून उजेडाचा झोत बाहेर पडतो. मग नेत्रिकेमागे पांढरा जाड कागद धरावा. नळीचे नाभीय अंतर सातशे मिलीमीटर आणि नेत्रिका वीस मिलीमीटरची असेल तर सुमारे अर्ध्या मीटरवर पंधरा सेंटिमीटरांचे बिंब मिळते. कॅरिंग्टनप्रमाणे नळीभोवती पुठ्ठ्याचा आडोसा बसवला की तेच बिंब कितीतरी गडद दिसते. कागद हातात न धरता नळीला जोडलेल्या चौकटीवर बसवला तर दोन्ही हात चित्र काढायला मोकळे राहतात.

काळजी घ्यायची ती या नंतरच. नेत्रिकेतून निघणारा झोत कागद पेटवू शकतो. त्यात वाकून पाहणाऱ्या मुलाचा डोळा तर क्षणात जाईल. उभारलेली दुर्बीण एकटी सोडू नये, पाणी प्यायला जाण्यापुरतीही नाही. नेत्रिका आणि कागद यांच्यामध्ये डोके शिरणार नाही अशी खोक्याची बंदिस्त रचना केली तर उत्तम. दर काही मिनिटांनी तोंडावर टोपण घालून भिंगांना विसावा द्यावा.

प्रतिमा न पाडता दुर्बिणीतूनच पाहायचे असेल तर गाळणी दुर्बिणीच्या तोंडावर, म्हणजे सूर्याच्या बाजूला हवी. तिने दृश्य प्रकाशाचा सुमारे एक लाखावा भाग आत सोडावा. वापरण्याआधी ती उजेडासमोर धरून छिद्र नाही ना हे पाहावे आणि वाऱ्याने उडणार नाही अशी चिकटपट्टीने बांधावी. जुन्या दुर्बिणींबरोबर नेत्रिकेवर बसवायची काळी काच मिळत असे. ती सरळ फेकून द्यावी. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते आणि तडकते तेव्हा डोळा तिच्याशीच टेकलेला असतो. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीत पाहणे हाही तितकाच घातक प्रकार. काजळी धरलेली काच, क्ष-किरणाची फिल्म, सीडी यांतून बिंब मंद दिसले तरी अदृश्य अवरक्त किरण आत येतात. परातीतल्या पाण्यात ग्रहण पाहण्याची घरोघरीची रीत अधिक शहाणपणाची वाटते, पण पाणी डोक्यावरच्या सूर्याचा पन्नासावा भाग परत पाठवते. हवा असतो एक लाखावा.

डोळ्यांची ही भीती अनाठायी नाही, मात्र तिच्या आडून दुसरीही एक भीती वावरत आली आहे. १६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा कर्नाटकापासून ओडिशापर्यंत गेला तेव्हा अनेक शहरांचे रस्ते ओस पडले. माणसे दारेखिडक्या लावून बसली. २४ ऑक्टोबर १९९५ ला राजस्थानातील नीम का थाना ते बंगालमधील डायमंड हार्बर या पट्ट्यात गर्दी उसळली. मधल्या पंधरा वर्षांत विज्ञान-प्रसार करणाऱ्या संस्था आणि कार्यकर्ते सुरक्षित चष्मे आणि प्रतिमा पाडण्याच्या सोप्या रीती घेऊन गावोगाव गेले होते. ‘पाहू नका’ असे सांगण्यापेक्षा ‘असे पाहा’ असे सांगणे कष्टाचे असते; त्यांनी ते कष्ट घेतले.

ग्रहण काही वर्षांनी येते, डाग बहुतेक दिवशी असतात. कागदावर पंधरा सेंटिमीटरांचे वर्तुळ आखून बिंब त्यात बसवावे आणि डाग पेन्सिलीने टिपावेत: गडद गाभा वेगळा, फिकट कडा वेगळी. नळी स्थिर ठेवली की बिंब आपोआप सरकू लागते. जी कड पुढे जाते ती पश्चिम. नळी किंचित उत्तरेकडे ढकलली की जी कड शेवटपर्यंत उरते ती उत्तर. दिशा, तारीख आणि वेळ लिहिल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. कागद थोडा हलवून पाहावा: हलल्यावरही जो ठिपका बिंबाबरोबर जागेवर राहतो तो डाग, कागदाबरोबर सरकतो तो कागदाचा दोष. दोन-तीन दिवसांनी तोच समूह पश्चिमेकडे सरकलेला दिसतो. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला त्याला सुमारे तेरा दिवस लागतात.

मोजणीची रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्वित्झर्लंडमध्ये रुडॉल्फ वोल्फने घालून दिली. त्याची दुर्बीण ऐंशी मिलीमीटरची होती. समूहांच्या संख्येला दहाने गुणायचे आणि त्यात सुट्या डागांची एकूण संख्या मिळवायची. तीन समूहांत मिळून चौदा डाग असतील तर आकडा ४४. प्रत्येक निरीक्षक आणि दुर्बीण यांच्यासाठी एक गुणक ठरवून जगभरचे आकडे एका मापात आणले जातात. हे काम आज ब्रुसेल्सहून चालते आणि त्यासाठी आकडे पाठवणाऱ्यांत वेधशाळांबरोबर घरच्या दुर्बिणीवर काम करणारे हौशी निरीक्षकही आहेत. तुलनेसाठी जिचा आकडा प्रमाण मानतात ती लोकार्नोची वेधशाळा आजही सूर्य कागदावर पाडते आणि पंचवीस सेंटिमीटरांच्या बिंबावर डाग पेन्सिलीने काढते.